कवठीच्या पाण्यात दिसलेली पाठ

ऐका. कवठी नदीवर अजून पूल नव्हता आणि बोरदऱ्याहून लोणदरीला जायचं तर धोतर खोचून पाण्यात उतरावं लागायचं, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणाला सांगता येत नाही. आज सांगणाऱ्यांच्या आज्यांनी ती आपल्या आज्यांकडून ऐकली होती, एवढं मात्र खरं.

बोरदऱ्यात सुभाना नावाचा पोतराज राहायचा. पोतराज म्हणजे मरीआईला, रोगराईच्या देवीला, वाहिलेला माणूस. बापानं नवस केला होता आणि सुभाना जन्मायच्या आधीच त्याला आईच्या ओटीत घातला होता. त्याच्या डोक्याला कधी वस्तरा लागला नाही. कमरेला चिंध्या-खणांचा घोळदार घागरा, पायांत घुंगरू, कपाळभर हळद-कुंकू आणि हातात सुंभाचा जाड कोरडा. त्याची बायको गोजरा डोक्यावर आईचा देव्हारा घेऊन ढोलकं घुमवत पुढं चालायची आणि सुभाना मागून नाचत यायचा. कोरडा हवेत गरगर फिरवून तो स्वतःच्या अंगावर ओढायचा. त्या आवाजानं झाडावरची पाखरं उडायची, दंडातून रक्त निथळायचं. बाया सुपातून दाणे घालायच्या आणि पोरांना पदराआड घ्यायच्या. "गप ऱ्हा, न्हाईतर सुभाना येईल," म्हटलं की रडणारं मूल हुंदका गिळायचं.

सगळं गाव सुभानाला भ्यायचं. सुभाना स्वतः कशाला भितो, हे मात्र गोजराशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तो भ्यायचा आपला हात थांबण्याला. एका आषाढात तो तापानं अंथरुणाला खिळला आणि आईची फेरी चुकली. त्याच श्रावणात त्याचे दोन्ही मुलगे गेले. का गेले, असं त्यानं कुणाला विचारलं नाही. त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं, आईचा राग ह्या अंगावर झेलला तर तो गावावर जात नाही. आपण झेलला नाही, म्हणून तो घरात शिरला. एवढंच त्याला कळलं. पाठची एक मुलगी तेवढी उरली. तिचं नाव भागी. त्या वर्षापासून सुभाना असा काही कोरडा ओढू लागला, की बघणारे डोळे मिटून घेत.

बोरदऱ्याचा बाजार भरायचा त्या दिवशी चिंचेखाली एक म्हातारी बाई येऊन बसू लागली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज मोठा गोड. तिचं नाव राहेलबाई. मूळची ह्याच मुलखातली, पण दुष्काळात आई-बाप गेले आणि ती पाद्रीलोकांच्या आश्रयाला वाढली. आता गावोगाव फिरून ती येशूच्या गोष्टी सांगायची, जात्यावरच्या चालीत गाणी म्हणायची. कुणी ऐकायचं, कुणी शेण फेकून मारायचं. शेण झटकून ती पुढची ओळ म्हणायची.

एका बाजारी सुभाना तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्यानं कोरडा काढला. भोवतालची माणसं मागं सरली. राहेलबाई हलली नाही. ती त्याच्या दंडाकडं बघत होती.

"कुणासाठी रं लेकरा हे?" तिनं विचारलं.

लेकरा असं सुभानाला कितीतरी वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. तो गुरगुरला, "गावासाठी. गावावरचं माझ्यावर."

"मग झालं का गाव मोकळं?"

सुभानानं कोरडा मुठीत गुंडाळला.

"असाच एकजण होता," राहेलबाई म्हणाली. "लोकं त्याची पिढ्यान् पिढ्या वाट बघत होती. मशीहा येईल, आपलं ओझं उतरवील, म्हणत होती. तो आला, तर त्याला कुणी वळखला न्हाई. खांबाला बांधला आन् कोरड्यानं फोडला."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. जे बघत उभे होते त्यांच्यासाठी, जे मारीत होते त्यांच्यासाठीबी."

सुभानानं घाम पुसला. "मग पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी कशाला? एकदाच. ज्यानं झेललं त्यानं सगळं झेललं. आता परत कुणी मारून घ्यायचं न्हाई."

हे ऐकलं आणि सुभाना भ्याला. मार खाताना त्याला कधी अशी भीती वाटली नव्हती. कारण ती बाई खरं सांगत असेल, तर त्याचं सगळं रक्त फुकट गेलं होतं. आणि ती खोटं सांगत असेल, तर असलं ऐकून घेतल्याबद्दल आई त्याला सोडणार नव्हती. तो तिथून जवळजवळ पळाला. पण त्या दिवसापासून कोरडा उचलताना हात जड व्हायचा. मनात यायचं, एकदाच? खरंच एकदाच?

आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात पटकी आली, उलट्या-जुलाबांची साथ.

सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी खाटेवर यायचा आणि दिवस मावळायच्या आत सरणावर. ओढ्याकाठचा धूर विझेना. लाकडं संपली तसे लोक खड्डे खणू लागले, मग खणणारे हात उरेनात. दारादारांवर लिंबाचे ढाळे टांगले गेले. बायका मोठ्यानं रडत नव्हत्या, रडण्याचा आवाज ऐकून पटकी आपल्या घराची वाट ओळखील म्हणून. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती, असं म्हणतात. शेजारी शेजाऱ्याला हाक मारीना, कारण हाकेला ओ आली नाही तर काय समजायचं?

गावचा पाटील हैबती. माणूस दांडगा, पण त्या दिवसांत त्याचाही आवाज बसला होता. त्यानं सुभानाला चावडीवर बोलावून सांगितलं, "गाडा काढायचा. आईला शिवंपार लोणदरीत पोचवायची. तू म्होरं चालायचं."

हा गाडा लहानसा, लाकडी. त्यात मरीआईची मूर्त ठेवायची. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभात घालायचा आणि वाजतगाजत तो शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून यायचं. मागं वळून बघायचं नाही. रोगराई त्या गावची होते आणि आपलं गाव सुटतं, अशी त्या काळची समजूत.

सुभाना म्हणाला, "लोणदरीतबी लेकरं हायेत, पाटील."

"आन् आपल्यात न्हाईत?" पाटील म्हणाला. "तुझ्या घरात न्हाई?"

सुभाना कबूल झाला. कारण त्याच दिवशी पहाटे भागीला उलट्या सुरू झाल्या होत्या. हे त्यानं आणि गोजरानं कुणाला सांगितलं नव्हतं. ज्या घरात पटकी शिरली त्या घराला बाहेरून कडी घालायची, असं गावानं ठरवलं होतं.

गोजरा खोपटात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. दाराशी कोण येणार? तरी राहेलबाई आली. ती घराघरातून हाकलली जात होती. इथं तिला कुणी हाकललं नाही, म्हणून ती आत येऊन बसली आणि पोरीच्या ओठांना पाण्याचं बोट लावू लागली. सुभाना घागरा बांधत होता. तो तिला म्हणाला, "बाई, तुझा त्यो मशीहा कुठं हाय आता?"

"जिथं ओझं असंल तिथं असंल," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी न्हाई बघितला, सुभाना. मी नुसती सांगत फिरते."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाडा निघाला. ढोल होते, पण वाजवणाऱ्यांची तोंडं राखेसारखी झाली होती. सगळ्यात पुढं सुभाना. गोजरा का नाही, असं पाटलानं विचारलं. "पोर बारीक हाय," एवढंच सुभाना म्हणाला आणि कोरडा फिरवू लागला. झेलतो, सगळं झेलतो, फक्त भागीला सोड, असं तो मनात म्हणत होता. गाडा हद्दीपार गेला तर ती वाचेल. नाही गेला तर... त्यापुढं तो विचारच करीना.

नदी आली. उन्हाळ्याची कवठी, गुडघाभर पाणी. आणि पलीकडच्या काठावर लोणदरी उभी होती. म्हातारे, बाप्ये, बायासुद्धा. सगळ्यांच्या हातांत गोफणी. त्यांच्यापुढं केरूबा नावाचा जख्ख म्हातारा, काठी टेकून.

"सुभाना, माघारी फीर!" तो ओरडला. "एक पाऊल टाकलंस तर टकुरं फोडू!"

मागून पाटील गरजला, "चल! थांबलास तर हितंच पुरू!"

सुभाना पाण्यात उतरला. चार माणसांनी गाडा मागून पाण्यात लोटला आणि ती भिऊन काठावर पळाली. आता मधोमध गाडा, गाड्याशी सुभाना, आणि दोन्ही काठांवर दगड. त्यानं कोरडा उचलला.

तेवढ्यात ढोल थांबले. कुणी थांबवले ते कळलं नाही. सुभानानं बघितलं, तर गाड्याच्या पुढं पाण्यात एक माणूस वाकला होता. त्याचे दोन्ही हात गाड्याच्या दांडीला होते.

आधी त्याला वाटलं, ही पटकीच. तीच माणसाचं रूप घेऊन आली आणि आता वळून बघेल. मग वाटलं, हा आपला मेलेला बाप, राहिलेली फेरी मागायला आलाय. त्याला पळायचं होतं, पण पाय वाळूत रुतल्यासारखे झाले. तो माणूस वळला नाही. त्याचं अंग उघडं होतं, आणि सुभानाला दिसत होती ती त्याची पाठ.

पोतराजाला वळ कळतात. स्वतःच्या हातानं ओढलेला कोरडा दंडावर बसतो, खांद्यावर बसतो, फार तर बरगडीला वळसा घालतो. पाठीच्या मधोमध आपला हात पोचत नाही. सुभानाची पाठ म्हणूनच कोरी होती, त्याच्या बापाचीही होती. ह्या माणसाची पाठ मानेपासून कमरेपर्यंत नांगरलेल्या रानासारखी उकललेली होती. हा मार त्यानं स्वतःला मारून घेतलेला नव्हता. हा बांधून घातलेला मार होता, दुसऱ्यांनी घातलेला. आणि एवढं सोसून तो माणूस सुभानाच्या गावाचा गाडा ओढत होता.

सुभानानं त्याला ओळखलं.

कोरडा त्याच्या हातातून गळला आणि पाण्याबरोबर गेला. मग त्यानं रिकामा हात वर केला, गाड्याच्या पुढं बोट केलं, आणि ओरडला. तसा आवाज त्याच्या तोंडून आधी कधी निघाला नव्हता, असं म्हणतात.

"त्यो बगा! वाट बघत व्हते त्यो ह्योच! माझं न्हाई, तुमचं न्हाई, समद्यांचं वाहून न्हेतोय! बगा की रं!"

गाडा हलला. लोणदरीकडं नाही, बोरदऱ्याकडंही नाही. गुडघाभर पाण्यात, वारा नसताना, तो प्रवाहाच्या मधून खालच्या अंगाला चालू लागला. बैल नाही, माणूस नाही, तरी जू ओढल्यासारखा सरळ. कुणी म्हणतं त्यांनाही वाकलेली आकृती दिसली. कुणी म्हणतं फक्त पाणी दुभंगताना दिसलं. वळणावरच्या करंजीपर्यंत गाडा दिसला, पुढं नाही. नंतर कुणाला त्याची फळीसुद्धा सापडली नाही.

पहिला दगड बोरदऱ्याच्या काठावरून आला. पाटील किंचाळत होता, "आईला सोडलंस! कोरडा सोडलास! आता गाव ऱ्हात न्हाई!" दगड सुभानाच्या कपाळाला लागला. दुसरा लोणदरीकडून आला, त्यांना वाटलं ही चेटूक करायची नवी तऱ्हा. सुभाना गुडघ्यावर बसला. रक्त डोळ्यांत उतरत होतं.

"मारा," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय, तरी मारा. पर आदी तिकडं बगा."

तेव्हा बोरदऱ्याच्या दोघा-तिघांनी पाण्यात उडी घेतली. त्याला मारायला नाही, पाया पडायला. "तुझ्यातच देव आला, सुभाना! आम्हाला वाचीव!" असं म्हणून त्याचे ओले पाय धरू लागले. दगडांना तो इतका भ्याला नव्हता. इंगळावर पाय पडल्यागत तो मागं सरला आणि त्यानं त्यांच्याकडं पाठ केली.

"मी न्हवं! माझी पाठ बगा, कोरी हाय! फुटली ती त्याची!"

मग लोणदरीचा केरूबा काठी टेकत पाण्याच्या कडेला आला आणि खाली मान घालून म्हणाला, "गाडा आणायची काय गरज व्हती, पाटील? आमच्यात ती परवाच आलीय. आमी सांगितलं न्हाई. माझी सून गेली काल."

कुणाच्या हातातली गोफण खाली पडली. ज्या गावावर मरण ढकलायला निघाले, तिथं ते आधीच घरोघर बसलं होतं. सुभानानं कपाळावरचं रक्त पुसलं. जे बोललं तर घराला कडी पडणार होती, ते तो सगळ्यांदेखत बोलला.

"माझ्या घरातबी हाय," तो म्हणाला. "माझ्या भागीला झालीय. मी लपिवलं."

त्याला कुणी अडवलं नाही. कुणी सोबतही आलं नाही. खोपटाच्या दाराशी येईपर्यंत त्याला वाटत होतं, आतून रडणं ऐकू येईल. आत राहेलबाई होती, गोजरा होती, आणि भागी डोळे उघडून पाणी मागत होती. सुभाना चौकटीला धरून खाली बसला. मग त्यानं सगळं सांगितलं.

राहेलबाईनं हातातली वाटी खाली ठेवली. "त्वांड दिसलं?"

"न्हाई, बाई. नुसती पाठ. त्यो म्होरं म्होरं जात हुता."

ती म्हातारी पदर तोंडाला लावून रडली. "जनमभर मी त्याचं नाव सांगत फिरले," ती म्हणाली, "आन् दिसला तुला."

"तू सांगितलंस म्हणून तर कळला. न्हाईतर मी भूत म्हणून पळालो असतो."

भागी वाचली. सगळ्यांची भागी वाचली नाही. पटकी त्यानंतरही बरेच दिवस दोन्ही गावांत होती आणि गोष्ट सांगणारे हे लपवत नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून लोकांना एक नवीन गोष्ट दिसली. सुभाना घागरा सोडून, साधं धोतर नेसून, खांद्यावर पाण्याचा हंडा घेऊन दारोदार जात होता. जिथं घरच्यांनीच कडी घातली होती तिथली कडी तो काढायचा. घाण धुवायचा, पाणी पाजायचा, मेलेल्याला उचलायचा. बोरदऱ्याचं झालं की नदी ओलांडून लोणदरीत. गोजरा त्याच्या मागं, राहेलबाई तिच्या मागं.

लोक आतून ओरडायचे, "तुला भ्या वाटत न्हाई का रं?"

"वाटतं की," तो म्हणायचा. आणि खरंच त्याचे हात कापत असायचे, हंड्यातलं पाणी डुचमळायचं. "पर त्यो म्होरं गेलाय. मी नुसता मागनं आलोय."

हैबती पाटील त्याच्याशी शब्द बोलला नाही. मग पटकी त्याच्या वाड्यात शिरली आणि गडीमाणसं पळून गेली. सुभाना तिथंही गेला. पाटील खाटेवरून क्षीण आवाजात म्हणाला, "दगूड मी मारला हुता." सुभाना म्हणाला, "ठावं हाय. वाईच मान उचला," आणि त्याच्या ओठाला भांडं लावलं. पाटील जगला. तो पुढं येशूच्या मार्गाला लागला असं काहीजण सांगतात, काहीजण म्हणतात तो अखेरपर्यंत आपल्या देवांचाच राहिला. पण आईचा गाडा पुन्हा कुणाच्या हद्दीवर न्यायचा नाही, ही शपथ त्यानंच दोन्ही गावांना घातली, यात दुमत नाही.

पावसाळा सरल्यावर पाद्री आला तेव्हा सुभाना, गोजरा आणि भागीनं त्याच कवठीच्या पात्रात बाप्तिस्मा घेतला. डोक्यावरच्या जटा गोजरानं आपल्या हातानं कापल्या. त्या पायाशी पडल्या तेव्हा सुभाना लहान मुलासारखा भ्याला आणि आभाळाकडं बघत राहिला. आभाळ तसंच होतं. मग तो हसला, असं म्हणतात, आणि त्याला हसताना गावानं पहिल्यांदा बघितलं.

पुढं तो गावोगाव फिरू लागला. लोक नवस घेऊन यायचे, अंगारा मागायचे, पायांवर लेकरं घालायचे. तो लेकरू उचलून आईच्या हातात परत द्यायचा आणि म्हणायचा, "माझ्याकडं काय हाय? तिकडं बगा." म्हणून त्याला दावणारा सुभाना असं नाव पडलं.

तो म्हातारा झाला, तेव्हा घाटाखालच्या मुलखात पुन्हा पटकी लागल्याची बातमी आली. भागीनं त्याचं धोतर धरलं. "आता तुम्हाला होत न्हाई, आबा." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तसाच कापत होता. हंडा उचलून तो निघाला, आणि परत आला नाही. त्याची कबर कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. पण घाटाखालचे लोक नंतर बाजाराला यायचे तेव्हा सांगायचे, एक म्हातारा आमच्या वस्तीत आला होता, दाराशी उभा राहून आत येऊ का म्हणाला होता. आम्ही विचारलं, तुमच्या पुढं चालत होते ते पाहुणे कुठं गेले? तेव्हा तो म्हातारा तिथंच, उंबऱ्यावर बसून रडला, असं म्हणतात.

आता कवठीवर पूल आहे. बोरदऱ्यात दवाखाना आहे, लोणदरीत लहानसं देऊळ आहे ख्रिस्ती लोकांचं, मरीआईचं ठाणंही आहे. पण ह्या दोन गावांत एक रीत अजून चालते, आणि ती पाळताना कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. घरात कुणी आजारी असलं की दाराला कडी घालायची नाही. भेटायला येणारा उंबऱ्याबाहेर थांबतो आणि सुभानाचं नाव घेऊन म्हणतो, "मी एकटा आलो न्हाई."

आणि आतून, खाटेवरून, जेवढा आवाज निघेल तेवढ्या आवाजात उत्तर येतं, "मग दोघंबी आत या."